हात पुढे केलेला शर्ट

भाच्यानं तो शर्ट माझ्या कापायच्या टेबलावर टाकला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बाह्या चुकीच्या जोडल्यात.

इचलकरंजीत मी पंचवीस वर्षं शिवणकाम करते. ब्लाउज, शाळेचे गणवेश, मध्ये काही वर्षं टी-शर्टची घाऊक शिलाई. शर्ट कुठलाही असो, टेबलावर पसरला की सपाट होतो आणि बाह्या दोन्ही अंगाला पडतात. हा पडेना. पाठ टेबलाला टेकवली तर दोन्ही बाह्या छातीवरून वर उभ्या राहिल्या, पाळण्यातल्या लेकरानं ‘घे मला’ म्हणून हात वर करावेत तशा. पालथा घातला तर पाठीचा चोळामोळा. कापड काळं, जाड पॉलिस्टर. बाहीचं तोंड एवढं अरुंद की माझाच हात दंडापाशी अडला. छातीला टेप लावली, घेर ९२ सेंटिमीटर भरला. भाच्याची छाती १०८. त्याचे सगळे शर्ट मीच शिवते, त्यामुळे माप तोंडपाठ आहे.

“मावशी, बगलेत सैल झालाय गं. जरा घट्ट करून दे.”

सोळा सेंटिमीटर कमी असलेला कपडा सैल! आम्ही छातीच्या मापात आठ-दहा सेंटिमीटर लूज धरतो. श्वास घेता यावा, हात उचलता यावा, वाकताना पाठीत ओढू नये म्हणून. शिकाऊ मुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. मी त्याला चार प्रश्न विचारले, त्याच्या एकाही उत्तरानं माझं समाधान झालं नाही. शेवटी तो म्हणाला, “तू एकदा जिममध्ये ये आणि बघ.”

त्यांची जिम एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये आहे. वर पत्रा, भिंतीला अजून तेलाचे डाग. तिथं मी पहिल्यांदा तो शर्ट अंगावर चढताना पाहिला. चढताना म्हणते, कारण त्याला घालणं म्हणता येणार नाही. भाचा हात पुढे करून उभा राहिला. एकानं बाहीचं तोंड धरलं, दुसऱ्यानं दंडावरचं कापड चिमटीत धरून इंच-इंच वर सरकवलं. मग डोकं आत, मग पाठीकडून दोघांनी खाली खेचलं. मी घड्याळ बघत होते, सात मिनिटं लागली. अंगात गेल्यावर त्याचे हात खाली येईनात. छातीसमोर हात धरून तो बाकाकडे चालत गेला. बगलेजवळची कातडी कापडात चिमटून लालभडक झाली होती.

शर्ट नसताना तो छातीवरून १३० किलो उचलतो. त्या दिवशी बारवर १४० लावले. त्यानं रॅकवरून बार घेतला, खाली आणायला लागला, आणि बार छातीपासून चार बोटांवर थांबला. तो थांबवत नव्हता. उलट अंगातला सगळा जोर लावून तो बार खाली ओढत होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, आणि कापड त्याला येऊ देत नव्हतं. मी जवळ उभी होते. छातीवरच्या कापडातून चरचर आवाज येत होता. १४० किलो लोखंड आणि एका तरण्या पोराचा जोर, दोन्ही एका शर्टानं अडवून धरले होते. मग वजन वाढवत १५५ वर नेलं तेव्हा बार छातीला टेकला. क्षणभर सगळं स्थिर. समोरून त्यांचे प्रशिक्षक सर ओरडले, “प्रेस!” आणि बार वर गेला.

माझ्या अंगावर काटा आला. पंचवीस वर्षांत माझ्या हातच्या एकाही कपड्यानं असं काही केलं नव्हतं.

त्यांच्या सरांनी मला समजावून सांगितलं. वेटलिफ्टिंग म्हणजे टीव्हीवर दिसतं ते, डोक्यावर वजन उचलायचं, एवढंच मला माहीत होतं. हा खेळ वेगळा, पॉवरलिफ्टिंग. यात तीन प्रकार: खांद्यावर बार घेऊन बैठक, बाकावर झोपून छातीवरून रेटा म्हणजे बेंच प्रेस, आणि जमिनीवरून उचल. प्रत्येकाला प्रत्येक प्रकारात तीन संधी. तीन पंच असतात, निदान दोघांनी पांढरा दिवा दाखवला तरच उचल धरली जाते. बेंच प्रेसला ‘स्टार्ट’, ‘प्रेस’, ‘रॅक’ असे तीन हुकूम. ‘प्रेस’ म्हणण्याआधी बार छातीवर स्थिर झाला पाहिजे.

“ताई, तुम्ही याला स्प्रिंग समजा,” सर म्हणाले. “बार खाली येताना कोपर मागे जातात, छातीवरचं कापड ताणलं जातं. वर जाताना तेच कापड परत आकसतं आणि हाताला साथ देतं. सगळ्यात जास्त साथ तळाला मिळते, जिथं खांदा सगळ्यात अडचणीत असतो.”

म्हणजे बाह्या चुकीच्या नव्हत्याच. तो शर्ट उभ्या माणसासाठी बेतलाच नव्हता. बाकावर झोपून, हात आढ्याकडे करून बार धरलेल्या माणसासाठी तो बेतला होता. त्या एकाच स्थितीत तो निवांत असतो, बाकी सगळ्या स्थितीत ओढतो. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

अशा शर्टाची कल्पना अमेरिकेतल्या टेक्सासच्या जॉन इन्झर यांची, १९८३ सालची. ते स्वतः पॉवरलिफ्टर. त्यानंतर या शर्टानं कुठवर मजल मारली ते ऐकून मी दोनदा विचारून खात्री केली. २००४ मध्ये जीन रिचलॅक यांनी शर्ट घालून १००० पौंड, म्हणजे जवळजवळ ४५४ किलो, छातीवरून उचलले. शर्टाशिवायची मोठी उचल म्हणून ज्युलियस मॅडॉक्स यांचं नाव सांगतात, २०२१ मध्ये ३५५ किलो. मधली जी तफावत आहे तिच्यात माणसाची ताकद वेगळी, सराव वेगळा, सगळं आहे. पण कापड आणि शिवण यांचा वाटा केवढा असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

भाच्याच्या शर्टाला मात्र मी कात्री लावली नाही. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत चालणाऱ्या स्पर्धांना मान्यतेच्या यादीतलेच शर्ट लागतात, तेही एकाच थराचे, आणि स्पर्धेआधी ते तपासले जातात. दुसऱ्या काही संघटनांत दोन-तीन थर चालतात, डेनिम आणि कॅनव्हासचे शर्टही तिथं वापरले गेलेत. आपल्या पोरानं वर्षभर घाम गाळायचा आणि माझ्या एका टिपेपायी त्याचा शर्ट बाद व्हायचा, हे मला परवडणारं नव्हतं. सरांनीच तोड सुचवली. “सरावासाठी एक शिवून बघा. महागाचा शर्ट रोज वापरून मरतो.”

मरतो, हाच शब्द ते वापरतात. ताण धरायचं सोडलं की शर्ट मेला.

सुरुवात मी मापापासून केली आणि तिथंच चुकले. सवयीनं त्याला उभं केलं, हात बाजूला सोडायला सांगितले, टेप फिरवली. मग लक्षात आलं की या मापाचा काही उपयोग नाही. घरातल्या लाकडी बाकावर त्याला झोपवलं, हातात बांबू दिला. एका दंडाच्या मध्यापासून छातीवरून दुसऱ्या दंडाच्या मध्यापर्यंत टेप धरली. हात सरळ वर असताना ५२ सेंटिमीटर. बांबू छातीला टेकवला तेव्हा ६८. त्याच माणसाचं तेच माप, आणि सोळा सेंटिमीटरचा फरक. हे सोळा सेंटिमीटर कापडानं सहज दिले तर शर्टाचा उपयोग नाही, अजिबात दिले नाहीत तर बार टेकणार नाही. जे काही करायचं ते या सोळा सेंटिमीटरमध्येच करायचं होतं. पॉवरलिफ्टर झोपून पाठीची कमान करतात, टाचा रोवतात, छाती फुगवून श्वास धरतात. त्यामुळे कमान केलेली, न केलेली, श्वास भरलेला, सोडलेला अशी सगळी मापं वहीत वेगवेगळी लिहिली. एका कपड्यासाठी एवढी मापं मी कधीच घेतली नव्हती.

मग कापड. मागांच्या गावात राहून मला कापड कळतं असं मी धरून चालले होते. मला कापडाचा पोत कळत होता, रंग उतरेल की नाही ते कळत होतं, इस्त्री कशी बसेल ते कळत होतं. कापड किती ओझं पेलतं हे मी कधी तपासलंच नव्हतं. पाच सेंटिमीटर रुंद आणि अर्धा मीटर लांब अशा पट्ट्या कापल्या, माळ्याच्या हुकाला बांधल्या आणि खाली भाच्याच्या जिममधली २० किलोची प्लेट अडकवली. गणवेशाचं टेरिकॉट ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दिशेनं जेमतेम एक सेंटिमीटर वाढलं, बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, दिशेनं दोन. ताण्याचे धागे मागावर खेचून धरलेले असतात, म्हणून त्यांच्यात वाव कमी. बाणा त्यांच्या खालून-वरून लहरत जातो, त्याला सरळ व्हायला थोडी जागा असते. उरेब, म्हणजे तिरकी, कापलेली पट्टी सहा सेंटिमीटर वाढली आणि मी हरखले. पण प्लेट काढल्यावर ती पूर्ण परत आली नाही, चौकडीचे धागे तिरके झाले ते तिरकेच राहिले. बनियनचं होजिअरी कापड तर पाक लोंबलं आणि तसंच राहिलं. शेवटी एका व्यापाऱ्याकडून टेक्स्चराइज्ड पॉलिस्टरचा बाणा असलेलं कापड आणलं. त्या धाग्याला मुद्दाम कुरळेपणा दिलेला असतो. ५० ची पट्टी ५७ झाली आणि प्लेट काढल्यावर साडेपन्नासवर आली. दहा वेळा केलं, दहाही वेळा परत आली. मी हुकाखाली स्टूल टाकून बसले होते, घरातले जेवायला हाका मारत होते.

पहिला शर्ट बेतला तो असा: छातीवर बाणा आडवा, म्हणजे ताण घेणारी दिशा दंडापासून दंडापर्यंत. बाह्यांना ताणा आडवा, कारण बाहीनं वाढायचं नाही, ओढ छातीपर्यंत पोचवायची. गळ्याला आतून नायलॉनची पट्टी, तो तर अजिबात वाढता कामा नये. गळा वर सरकला की छातीवरचं कापडही सरकतं आणि बार टेकण्याच्या जागी साथ उरत नाही. यासाठीच पॉवरलिफ्टर शर्ट खाली ओढून वर पट्टा बांधतात.

शिवण मात्र मी नेहमीची घातली. दुहेरी सरळ टीप, बारीक टाका. गणवेशाच्या पँटच्या आसनाला तीच घालते, वर्षानुवर्षं उसवत नाही.

शंभर किलोला ती उसवली. बार अर्ध्यावर आला होता. उजव्या बगलेतून तट् तट् तट् असा आवाज आला आणि उजवी बाजू एकदम खाली गेली. दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या पोरांनी बार वरच्यावर धरला, आणि शिवाय सरांनी आधीच बाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आधार लावून ठेवला होता. भाच्याला काही झालं नाही. तो उठून बसला, “मावशी, अगं, होतं असं,” म्हणाला. माझे हात गार पडले होते. गणवेश उसवला तर आई दुसऱ्या दिवशी येऊन रागावते. इथं माझ्या टाक्याच्या खाली माझ्या बहिणीच्या पोराचा गळा होता. चार दिवस मी मशीनला हात लावला नाही. बहिणीला फोन केला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “तो तर जाणारच तिथं. तू शिवलेलं असलं तर मला बरं वाटेल.”

पाचव्या दिवशी मी उसवलेली शिवण भिंगाखाली धरली. कापड कुठंच फाटलं नव्हतं, तुटला होता फक्त दोरा. सरळ टिपेत दोरा कापडाबरोबर सरळ रेषेत जातो, त्याच्याकडे वाढायला जागाच नसते. कापड सात सेंटिमीटर वाढायला निघालं आणि दोरा म्हणाला, मी येत नाही. बारीक टाक्यांमुळे सुईची भोकंही दाट पडली होती. रेक्झिनच्या बॅगा शिवणारे एक काका आमच्या गल्लीत आहेत. त्यांच्याकडून नायलॉनचा दोरा घेतला, १८ नंबरची सुई घेतली. आधी ओव्हरलॉक, त्यावर झिगझॅगच्या दोन ओळी. झिगझॅगमध्ये दोरा नागमोडी जातो, त्यामुळे ताणलं की आधी नागमोड सरळ होते आणि शिवण कापडाबरोबर वाढते. लेगिंगला आम्ही हे करतोच. इथं सुचलं नाही, कारण मला वाटत होतं की मजबूत शिवण म्हणजे न हलणारी शिवण. ती पट्टी हुकाला टांगून ३५ किलोपर्यंत नेली, मगच दुसरा शर्ट शिवला.

दुसऱ्या शर्टाची शिवण टिकली, पण शर्टानं कामच केलं नाही. बार सरळ छातीपर्यंत आला, साध्या बनियनमध्ये येतो तसा. मला वाईट वाटू नये म्हणून भाचा “थोडी साथ मिळाली” म्हणाला. मिळाली नव्हती, मला दिसत होतं.

याचं उत्तर मला आमच्या आजीच्या खणाच्या चोळीत सापडलं. ट्रंकेत जपून ठेवलेली आहे. आजी तीच घालून दळायची, पाण्याच्या घागरी उचलायची, हात डोक्यावर नेऊन भारा घ्यायची, आणि चोळी जागची हलत नसे. तिचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, पाहिला. बगलेला अगदी भिडलेला, वर. मुंढा खोल काढला की हात आणि धड यांच्यामध्ये सैल कापड साठतं. हात वर केला की अख्खा कपडा वर चढतो आणि हात मागे नेला की आधी ते साठलेलं कापडच खर्ची पडतं, छातीपर्यंत ओढ पोचतच नाही. माझ्या दुसऱ्या शर्टात नेमकं हेच होत होतं. तिसऱ्यात मुंढा तीन सेंटिमीटर वर घेतला. शिवाय तो पुढच्या बाजूला चार सेंटिमीटर सरकवला. पाठ रुंद झाली, छाती अरुंद. कागदी खाका टेबलावर ठेवला तेव्हा कुठल्याही शिकाऊ मुलीनं चूक म्हणून परत दिला असता असा तो दिसत होता. शिवून झाल्यावर पाठ टेबलाला टेकवली. दोन्ही बाह्या वर उभ्या राहिल्या.

मधल्या काळात माझ्या नवऱ्यानं विचारलं, ही लबाडी नाही का? मी हा प्रश्न जिममध्ये नेला. तिथंही दोन मतं आहेत. शर्टाशिवायचा प्रकार आता वेगळा मोजतात, त्याच्या स्पर्धा वेगळ्या, विक्रम वेगळे. बरीच नवी मुलं तिकडंच जातात. मला ही विभागणी योग्य वाटते. पण शर्ट घालणाऱ्याला आयतं काही मिळतं असं आता मला वाटत नाही. १५५ किलो त्याच्या हातांत, मनगटांत, खांद्यांत खरंच असतात. बार खाली आणायला वेगळं कसब लागतं, कोपर केव्हा वळवायचे, बार पोटाकडे किती न्यायचा. ते चुकलं तर तोच शर्ट बार भलतीकडे ओढतो. आणि महासंघाच्या नियमानुसार २०२३ पासून कोपर निदान खांद्याच्या वरच्या पातळीपर्यंत खाली यावा लागतो, त्यामुळे कमान करून थोडक्यात भागवण्याची सोय कमी झाली, कापड आणखी ताणलं जाऊ लागलं. वर्षभर ही पोरं त्यासाठी बगला सोलून घेतात. मी रात्री हळदीचं तेल लावून देते.

तिसरा शर्ट घालायला पाच मिनिटं लागली. शंभरला बार चार बोटांवर थांबला. ११० ला दोन बोटांवर. मी श्वास धरून उभी होते. १२० ला टेकला, आणि “प्रेस” ऐकल्यावर असा वर गेला की भाचा बाकावरूनच ओरडला, “मावशी!” सर आले, छातीवरच्या कापडाला बोटानं टिचकी मारून बघितली, काही बोलले नाहीत, पोरांना १३० लावायला सांगितले.

१३० ला बार वाकडा टेकला. डावी बाजू आधी, उजवी मागून. परत केलं, पुन्हा तसंच. मला वाटलं कापताना माझा हात चुकला असेल, म्हणून शर्ट घरी आणून दोन्ही बाह्या एकीवर एक ठेवल्या. सूतभर फरक नव्हता. मग पुन्हा भाच्याला बाकावर झोपवलं, बांबू दिला, आणि या वेळी छातीच्या मधल्या हाडापासून प्रत्येक दंडाचं माप वेगळं घेतलं. डावीकडे ३५, उजवीकडे ३३. लहानपणी सायकलवरून पडून त्याचा उजवा खांदा निखळला होता. पंधरा वर्षं मी त्याचे शर्ट शिवते आणि तो खांदा कमी मागे जातो हे मला कधी दिसलं नव्हतं, कारण लूजमध्ये ते लपून जायचं.

आता टेबलावर चौथा खाका आहे. डाव्या मुंढ्यावर आणि उजव्या मुंढ्यावर वेगवेगळे आकडे खडूनं लिहिलेत. बाही मी नेहमी कापड दुहेरी घालून एकाच कापात दोन काढते. आज पहिल्यांदा कापड एकेरी पसरलंय.